सुनेची तपासणी आणि बाहेरचं बाकडं

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा लागलाय. तपासणीला नांदेडला नेलं होतं. वजन झालं, बीपी झाला, रक्त-लघवी झाली. मग नर्सबाईनं एक कागद काढला आणि मला म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा." वीस-पंचवीस मिनिटं मी बाहेर बाकड्यावर. नंतर सुनेला विचारलं तर म्हणते, हसू येतं का, रडू येतं का, असं विचारलं. लेकरू पोटात आहे का डोक्यात? माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तो म्हणाला, तिकडं काळ्या बायकांची अशी तपासणी करायची मोहीमच चालू आहे. मग आमच्या सुनेची कशाला? माझी तीन बाळंतपणं झाली, कुणी काही विचारलं नाही. आणि मला बाहेर का काढलं, तेवढं आधी सांगा.
– एक सासू, लोहा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत, पण टोचलाय तो शेवटचा, हे अक्षरावरूनच दिसतं. त्याच्याकडे येतोच. पण आधी तो कागद काय होता ते बघू, कारण तुम्हाला बाहेर का बसवलं याचं उत्तर त्या कागदातच आहे.

सुनेनं सांगितलेल्या खुणांवरून तो बहुधा एडिंबरा प्रश्नावलीचा कागद असावा. स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या दोन सहकारी बायकांनी ती तयार केली आणि १९८७ साली छापली. पुढे जगभरच्या पुष्कळ भाषांत ती गेली. त्यात फक्त दहा प्रश्न असतात आणि सगळे गेल्या सात दिवसांबद्दल. गमतीच्या गोष्टीचं हसू येतं का, पुढच्या दिवसांची काही ओढ वाटते का, काही बिघडलं की उगाच स्वतःलाच बोल लावता का, कारण नसताना धास्ती वाटते का, कामं अंगावर आल्यासारखी होतात का, अशा धाटणीचे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण ३०. शाळेच्या परीक्षेच्या उलट, इथं कमी गुण चांगले.

आता यात काय नाही ते बघा. भूक लागते का, थकवा येतो का, पाठ दुखते का, हे त्यात नाही. कारण सरळ आहे. सातव्या महिन्यात थकवा कोणाला येत नाही? तो मोजायला घेतला तर तालुक्यातली प्रत्येक गरोदर बाई आजारी ठरेल. झोपेचा एक प्रश्न आहे, पण तोसुद्धा "झोप येते का" असा नाही. मन उदास असल्यामुळे झोप उडाली आहे का, असा आहे. कुशीवर वळता येत नाही म्हणून जागं राहणं वेगळं, आणि आढ्याकडे बघत जागं राहणं वेगळं. तुमच्या सुनेला जे प्रश्न विचारले, ते असे निवडून-पाखडून घेतलेले आहेत.

हा कागद भरायला पाचेक मिनिटं पुरतात. तुम्ही वीस-पंचवीस मिनिटं बाहेर होता. म्हणजे उरलेला वेळ ती बोलत होती, किंवा नर्सबाई बोलत होत्या. दोन्ही चांगलंच.

आता बाकड्याचं. समजा तुम्ही शेजारच्याच खुर्चीवर बसला होता आणि नर्सबाईंनी विचारलं, "घरी काही त्रास?" तर आपल्याकडे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाईनं तोंड उघडायच्या आधी सोबतचं माणूस बोलतं, "नाही हो, काहीच त्रास नाही, आम्ही तिला उन्हातसुद्धा जाऊ देत नाही." आणि बाई मान हलवते. सोबतचं माणूस खोटं बोलत असतं असं नाही, बहुतेक वेळा ते मनापासूनच बोलतं. पण कागदावर जे उतरतं ते घराचं उत्तर असतं, तिचं नसतं. नवरा शेजारी असला तरी तेच, आणि सख्खी आई असली तरीही पुष्कळदा तेच, कारण आईला काळजी लागू नये म्हणून लेकी काय काय लपवतात ते तुम्हीही एकेकाळी लेक होता म्हणून जाणता.

यामागे निव्वळ अंदाज नाही, मोजलेलं काम आहे, आणि ते आपल्या शेजारच्या गोव्यातलं. तिथं डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाठलं आणि बाळंतपणानंतरही त्यांचा माग ठेवला. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणींना नैराश्याचा आजार होता. कारणं काय निघाली? घरची ओढग्रस्त, नवऱ्याशी न पटणं, मारहाण, पोटाला पुरेसं न मिळणं. आणि झालेलं मूल मुलगी आहे की मुलगा, यावर बाकीच्या कारणांचं वजन कमी-जास्त होत होतं. ताई, ही यादी सासूच्या किंवा नवऱ्याच्या समोर कोण वाचून दाखवील? सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लिंगनिदानाचा कायदा फ्रेम करून लावलाय, पण "या वेळी तरी मुलगा होऊ दे" हे वाक्य घरात दिवसातून किती वेळा कानावर पडतं, याची फ्रेम कुठं नसते. तुमच्या घरात असं काही आहे असं मी म्हणत नाही. नर्सबाईही म्हणत नाहीत. बीपीची पट्टी सगळ्यांच्या दंडाला बांधतात, संशय आला त्याच्याच नव्हे. बाहेर बसवणंही तसंच, सगळ्यांना सारखं.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे "आत्ता कशाला, बाळंतपण होऊ द्या की" हा समजही जाईल. बाळंतपणानंतर ज्या बायका आजारी निघाल्या, त्यांतल्या शंभरात ७८ जणींच्या मनाची ओढाताण गरोदरपणातच दिसून आली होती. म्हणजे तो आजार बाळाबरोबर जन्माला आला नव्हता, आधीपासून घरात होता. बाळंतपणानंतर दिसला, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. सातव्या महिन्यात विचारलं तर हातात दोन महिने मिळतात.

"आमच्या वेळी कुणी विचारलं नाही" हे तुमचं खरं आहे. पण विचारलं नाही म्हणजे नव्हतं, असं नाही. नाव दुसरं होतं. तुमच्याच गल्लीत एखादी बाळंतीण लेकराला जवळ घेईना, भिंतीकडं तोंड करून पडून राही, तेव्हा म्हातारी माणसं "बाहेरचं झालंय" म्हणत किंवा बाळंतवातावर ढकलत. लिंबू उतरवणं व्हायचं, अंगारा लागायचा, कधी माहेरी धाडायचे. माहेरी धाडल्यानं काहींना खरंच बरं वाटायचं, आणि त्यात नवल काही नाही : झोप मिळायची, डोक्यावरचं काम उतरायचं, बोलायला माणूस मिळायचं. उपाय बरोबर होता, निदान तेवढं चुकीचं होतं. ज्यांना माहेर नव्हतं त्यांचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही.

दुसरी अडचण भाषेची. आपल्याकडे बाई दवाखान्यात जाऊन "मला नैराश्य आलंय" असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, करमंना. कशात जीव लागंना. काही सुधरंना. छातीत धडधडतंय, हातापायाला मुंग्या येतात, डोकं जड पडतं. डॉक्टर धडधडीची गोळी देतात, मुंग्यांची गोळी देतात, आणि करमंना ते तसंच राहतं. नीट मराठीत केलेल्या प्रश्नावलीचा मोठा फायदा हा, की ती बाईच्या तोंडी आजाराचं नाव घालत नाही. ती फक्त विचारते, हसू येतं का.

अर्थात नुसत्या कागदावर विसंबायचं नसतं. रक्त कमी असलं तरी माणूस मलूल होतं, आणि महाराष्ट्रात गरोदर बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींना रक्तक्षय आहे. थायरॉइड बिघडला तरी मन खाली बसतं. म्हणून रक्त-लघवी आधी आणि हा कागद नंतर, हा तुम्ही पाहिलेला क्रम बरोबर आहे.

आता तुमच्या पुतण्याचं अमेरिकेचं. त्यानं सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. तिथं तपासणी फक्त कृष्णवर्णीय बायकांची होत नाही. २०१६ पासून सगळ्याच गरोदर आणि बाळंत बायकांना हे प्रश्न विचारावेत अशी तिथल्या तज्ज्ञ मंडळाची शिफारस आहे. कृष्णवर्णीय बायकांचं नाव पुन्हा पुन्हा येतं, कारण त्यांची अवस्था अधिक वाईट आहे. २०२३ सालचे तिथले सरकारी आकडे बघा : दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू सुमारे ५०, गोऱ्या मातांचे साडेचौदा. एकच देश, तरी हा फरक. आणि हा नुसता गरिबीचा फरक नाही, शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या कृष्णवर्णीय बायकांनाही तो सुटत नाही. आर्लिन जेरोनिमस नावाच्या संशोधक बाईंनी १९९२ साली यावर एक विचार मांडला : जन्मभर उपेक्षा, अपमान, सतत सावध राहणं यांनी शरीर वेळेआधीच झिजतं. उन्हापावसात दगड झिजतो तसं. वय पंचविशीचं असतं, पण शरीरानं त्याहून जास्त पावसाळे सोसलेले असतात.

आणि तिथं आणखी एक गोष्ट घडली, ती आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. न्यू जर्सी राज्यानं २००६ मध्ये कायदाच केला, की प्रत्येक बाळंतिणीला हे प्रश्न विचारायचेच. काही वर्षांनी सरकारी आरोग्यविम्यावरच्या गरीब बायकांची नोंद तपासली, तर कायद्याच्या आधी जितक्या जणी उपचारापर्यंत पोचत होत्या, जवळपास तितक्याच नंतरही पोचत होत्या. गोऱ्या बायकांत शंभरात ९, कृष्णवर्णीय बायकांत शंभरात ४. कागद भरले गेले, फायलीत लागले. पुढं कोणाकडे पाठवायचं, बाई तिथं जाणार कशी, रोज बुडाला तर भरून कोण देणार, हे कोणी धरलं नव्हतं.

अमेरिकेतला वर्णभेद आणि आपल्याकडची जात यांचा सरसकट मेळ घालायची घाई मी करणार नाही; दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण "जिला जास्त ओझं, तिच्यापर्यंत दवाखाना सगळ्यात शेवटी पोचतो" हे बघायला लोह्याहून फार लांब जावं लागत नाही. लोहा, कंधार, मुखेडच्या डोंगराळ भागातल्या तांड्यांवर जा. दिवाळी झाली की कोयते निघतात. तुम्हाला माहीतच आहे, कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते दोघांच्या नावावर. मग बाईला पाचवा असो की सातवा, जोडी मोडून चालत नाही. माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोडे-उंट-गाढवं येतात, तेव्हा ही बाई कुठल्या तरी कारखान्याच्या फडात पहाटे मोळ्या बांधत असते. तिचं तपासणीचं कार्ड तांड्यावरच्या घरात खुंटीला. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून, पण ती ९ तारीख तिच्या फडात उगवत नाही. तुमच्या सुनेला हसू येतं का हे कोणी तरी विचारलं. हिला कोणी विचारलं नाही, आणि खरं तर पहिला प्रश्न हिला जायला हवा होता.

गंमत अशी, की असे प्रश्न घरोघर जाऊन विचारण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्यानं १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात नांदेडसह सगळा मराठवाडा होता. आशाताई दारात जायच्या आणि विचारायच्या, झोप लागते का, जगावंसं वाटतं का. विचारायच्या ते घरातल्या कर्त्याला, कारण सातबारा आणि कर्ज त्याच्या नावावर. त्याच घरात चुलीपुढं बसलेल्या गरोदर सुनेला तीच आशा लोहाच्या गोळ्या द्यायची. एकाच पिशवीत दोन्ही गोष्टी होत्या, फक्त प्रश्न ओसरीवर थांबायचा आणि गोळ्या आत जायच्या.

बरं, गुण जास्त आले तर पुढं काय? बहुतेक ठिकाणी १३ च्या आसपास रेघ धरतात. भाषा आणि प्रांत बदलला की ती थोडी खाली-वर होते. रेघेच्या वर जाणं म्हणजे आजार ठरला असं नाही. बीपी एकदा वाढलेला दिसला की डॉक्टर "पुन्हा बघू" म्हणतात, तसंच. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारतात, नीट बसून बोलतात. खरोखर आजार निघाला तरी पहिला उपाय बहुधा बोलण्याचाच असतो, आणि तो देणारा माणूस डॉक्टरच असला पाहिजे असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत, आपल्या आशांसारख्या बायकांना शिकवून डॉ. आतिफ रहमान यांनी हे करून दाखवलं. २००८ साली छापलेला निकाल असा : नैराश्य असलेल्या नऊशेवर गरोदर बायका, निम्म्यांकडे शिकवलेल्या ताई जात, निम्म्यांकडे नुसत्याच साध्या भेटी. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा पहिल्या गटात शंभरात २३ जणी अजून आजारी होत्या, दुसऱ्यात ५३. पुढे गोव्यातही गावातल्याच अनुभवी बायकांना शिकवून हे केलं. तिथं फरक पडला, पण एवढा ठळक नाही. काहींना गोळ्या लागतात. गरोदरपणात कोणती चालते ते डॉक्टर बघतात. आधीपासून गोळी चालू असेल तर "पोटात बाळ आहे" म्हणून घरच्या घरी बंद मात्र करू नका; त्यानं जास्त घोटाळा होतो.

फक्त एका प्रश्नाला थांबायला वेळ नसतो, शेवटच्या, दहाव्या. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हा तो. एकूण गुण कितीही कमी असोत, त्याला "कधी कधी" असं उत्तर आलं तरी त्याच दिवशी बोलायचं असतं. पूर्वी गरोदर बाईनं विहीर जवळ केली की तो मातामृत्यू धरायचाच नाही, अपघातासारखा वेगळा काढायचा, अशी रीत होती. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की गरोदरपणातली आत्महत्या हा थेट मातामृत्यूच धरा. रक्तस्रावासारखा. हा प्रश्न कागदावर का आहे ते आता लक्षात येईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार म्हणून सांगतो : आईच्या रडण्यानं पोटातलं बाळ रडकं निपजत नाही. ताण आला की रक्तात एक द्रव्य वाढतं, पण वारेत असं एक रसायन असतं की ते त्यातलं बरंचसं बाळाकडे जाण्याआधीच निष्प्रभ करतं. निसर्गानं दाराशी राखणदार ठेवलाय. महिनोन् महिने चाललेलं, उपचार न केलेलं जड नैराश्य असलं, तर दिवस भरायच्या आत बाळंत होणं आणि बाळाचं वजन कमी भरणं हे जास्त आढळतं. म्हणजे भीती रडण्याची नाही, रडणं अडवून ठेवण्याची आणि उपचार न करण्याची. पण आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट पोटातल्या बाळापर्यंत पोचलीय. चक्रव्यूहातून बाहेर पडायचं ऐकताना सुभद्रेला डुलकी लागली, म्हणून पुढचं सगळं तिच्या माथी. सातव्या-आठव्या महिन्यात बाईला झोप येणारच, हे कोणी म्हणत नाही. "रडू नको, बाळावर परिणाम होईल" हे वाक्य सुनेला म्हणत असाल तर तेवढं सोडा. त्यानं रडू थांबत नाही, ती मोरीत जाऊन रडते.

जवळ कोणी बोलायला नसलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-बेरात्रीही, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मोठं काही असलं तर विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लोह्याहून एसटीनं जाऊन यायला निम्मा दिवस जातो, हे धरूनच निघा. डबा सोबत घ्या.

पत्राच्या खाली ताजा कलम लिहून तुम्ही विचारलंय, की सुनेनं काय उत्तरं दिली ते नर्सबाई सांगतील का. नाही सांगणार, आणि सांगूही नये. मनाच्या उपचारातली माहिती गुप्त ठेवणं हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्या स्वतःच तुम्हाला आत बोलावतील. सुनेलाही खोदून विचारू नका. तिला सांगायचं झालं तर ती सांगेल, बहुधा भाकरी थापताना, तुमच्याकडे न बघता. तेव्हा मधेच "आमच्या वेळी" सुरू करू नका म्हणजे झालं.

आणि पुढच्या तपासणीला त्या बाकड्यावर बसावं लागेलच. पिशवीत पावशेर शेंगा टाकून न्या. सोलता सोलता वीस मिनिटं कुठं जातात कळत नाही, आणि बाहेर आलेल्या सुनेच्या हातावर चार दाणे ठेवता येतात.